आप्पांचा पेला

निपाणीच्या शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या मुली शिंकायच्या. दोष माझ्या कपड्यांचा होता. आई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर बसायची, बाबा त्याच वखारीत पोती उचलायचे आणि आमची खोली एकच. संध्याकाळी आई दाराबाहेर उभी राहून पदर झटकायची, तरी तंबाखूच्या धुळीचा तो खकाणा घरात यायचाच. अंथरुणात, वह्यांत, पिठाच्या डब्यात. भाकरीलासुद्धा त्याची चव असायची, आणि ती चव भाकरीची नसते हे मला बरंच उशिरा कळलं. चौथीत बाईंनी मला खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सगळा वर्ग शिंकत होता. मी नववीत असताना बाबांची कंबर गेली आणि ते खाटेवर आले. आई मात्र वखारीला जात राहिली, खोकत खोकत.

मी शिकले. बेळगावात मावशीकडे राहून बी. एस्सी. केलं, मग रसायनशास्त्रात एम. एस्सी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे मी कुठंही सांगते आणि मान वर करून सांगते. सांबऱ्याच्या अलीकडे पाण्याचे प्लास्टिकचे पाईप बनवणारा एक कारखाना आहे, तिथं मला प्रयोगशाळेत घेतलं. मालक म्हणाले, "सहा महिने बघू. जमलं तर कायम करू." मी हे निपाणीला जाऊन सांगितलं, तेव्हा आई तांदूळ निवडत होती. तिनं वर न बघता विचारलं, "कायम म्हंजे पक्कं न्हवं?"

"पक्कं."

"मग तू कायम झालीस की मी वखार सोडणार. तोवर न्हाय."

त्या सहा महिन्यांत माझी गाठ आप्पांशी पडली.

आप्पा मिक्सिंग विभागाचे मुख्य. सदलग्याचे, जैन शेतकऱ्याच्या घरातले, साठीला आलेले. शिक्षण किती ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायची हिंमतही नव्हती. अंगात खाकी शर्ट, आणि त्याच्या वरच्या खिशात, जिथं लोक पेन ठेवतात, तिथं स्टीलचा एक छोटा पेला. पेल्यामुळं त्यांची छाती एका बाजूनं फुगलेली दिसायची. नवीन माणसाला वाटायचं, आप्पांना काहीतरी दुखणं आहे.

पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही. "काय शिकलायसा?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. तेव्हापासून माझं नाव एमेस्सी. पेला काढला, स्वतःच्या बाटलीतलं फडक्यानं गाळलेलं पाणी त्यात ओतलं आणि दोन पुड्यांतून दोन चिमटी पांढरी भुकटी टाकली. एक चिमूट पाण्याला लागली तशी दुधाच्या रेषेसारखी तळाला गेली. दुसरी वर तरंगत राहिली, पाण्याचा जणू तिला विटाळ होता.

"दोन्ही खडूच. एक बुडला, एक तरंगला. का?"

मी घडाघडा इंग्रजीत सांगितलं. पृष्ठभाग, ध्रुवीयता, सगळं. आप्पा ऐकत होते. मग म्हणाले, "नावं छान ठेवलीसा. आता बारसं झालं, पोरगं दाखवा की."

मग त्यांनीच सांगितलं, आणि ते सांगणं मी आजही नवीन मुलांना तसंच सांगते. पाईपमध्ये नुसतं प्लास्टिक नसतं, खडूची बारीक भुकटी घालावी लागते. त्यानं पाईपला ताठपणा येतो. पण खडूच्या कणाला पाणी आवडतं, प्लास्टिक आवडत नाही. प्लास्टिकच्या गर्दीत सोडला की तो बावरतो आणि आपल्याच भावकीला मिठी मारून बसतो. त्याचे गोळे होतात. मग कितीही ढवळा, गोळेच ढवळले जातात. म्हणून प्रत्येक कणाला आधी स्टिअरिक ॲसिड चोळायचं. हे मेणासारखं असतं, आणि आमचे कामगार त्याला मेणच म्हणतात. त्याचं एक टोक खडूला धरतं, दुसरं प्लास्टिकमध्ये रमतं. मेण लागलेला कण पाण्याला परका होतो, म्हणून तरंगतो; कोरा बुडतो.

"हे मेण म्हंजे आमच्या सदलग्याचा माणूस," आप्पा म्हणाले. "इकडं तोंड केलं की मराठी, तिकडं केलं की कन्नड. दोन्हीकडं घरचाच. असा माणूस मधी उभा केल्याबिगर सोयरीक जमत न्हाय."

ते 'मिसळणं' हा शब्द वापरायचेच नाहीत. "ओळख झाली काय?" असं विचारायचे. कामगार सवयीनं म्हणायचे, "झाली आप्पा, च्या पाजून बसवलंय." मिक्सरशी मात्र आप्पा कन्नडमध्ये बोलायचे. "बा, बा," म्हणजे ये ये. "साकु" म्हणजे पुरे. एकदा मी विचारलं, मराठीत का नाही? म्हणाले, "ते हुबळीकडनं आलंय. त्याला मराठी कुठं येतंय? आपण त्याच्याकडनं काम करून घेणार आणि भाषा बी आपलीच शिक म्हणणार व्हय?"

पावडरीच्या खोलीत ओल्या हाताला बंदी. छत्री, रेनकोट, पाण्याची बाटली, सगळं दाराबाहेर. एकदा मालकच घाईत हात धुऊन तसेच आत आले. आप्पांनी त्यांना दारात अडवलं आणि खिशातलं फडकं पुढं केलं. मालकांनी निमूट हात पुसले. पुसून झाल्यावर आप्पांनी तळहात उलटसुलट बघितले, मगच आत सोडलं.

दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हायला लागायचं. धर्माचा नियम, त्यात तडजोड नाही. साडेपाचला डबा उघडला की कारखान्याला आग लागली तरी आप्पा पहिला घास घेऊन मगच बादली उचलणार, असं कामगार म्हणायचे. या नियमापायी चिकोडीच्या एका लग्नात ते उपाशी राहिले. ती हकीकत त्यांच्या पुतण्यानं मला सांगितली. पंगतीत ताट वाढलेलं होतं. शेजारचा पाहुणा सहज म्हणाला, "पाईपात खडू घालताय म्हंजे भेसळच की ओ." आप्पांनी उचललेला घास ताटात ठेवला. पेला काढला. पाणी मागवलं. नवरीच्या मामाच्या कपाळावरच्या गंधाची भुकटी, वाढप्याकडची पिठीसाखर, रांगोळी, जे मिळेल ते पाण्यावर सोडून त्यांनी त्या पाहुण्याला भेसळ आणि मिश्रण यातला फरक समजावला. पाहुणा हात जोडून "पटलं, पटलं" म्हणाला तेव्हा सूर्य बुडाला होता. आप्पा ताटावरून उठले. पुतण्या चिडला. आप्पा म्हणाले, "पोट उद्या बी भरतंय रं. त्यो माणूस उद्या कुठं घावणार?"

एकदा निपाणीला कुणा नातेवाइकांकडे आले आणि न सांगता आमच्या खोलीवर हजर झाले. त्या दिवशी मी घरीच होते. आप्पा बाबांच्या खाटेशी टेकून बसले, त्यांच्या कंबरेच्या औषधांची चौकशी केली. तेवढ्यात आई वखारीतून आली. पदर झटकला, आणि उंबऱ्यावर पडलेला खकाणा आप्पांच्या नजरेला पडला. झालं! पेला बाहेर, पाण्यावर खकाण्याची चिमूट.

"ह्ये काय खूळ गं तुझ्या सायबाचं?" आईनं मला कानात विचारलं.

"खूळ न्हाय अक्का," आप्पांना ऐकू गेलंच. "अर्धा तरंगतोय, अर्धा बुडालाय. पानाला अजून तेल हाय तुमच्या."

आईला ते आवडलं असावं. वखारीत तिला कुणी पानाबद्दल मत विचारत नसे. ती बोलायला लागली आणि बोलता बोलता कोपऱ्यातल्या डब्याकडं गेली. त्यात वर्षाची तूर होती, एरंडेल चोळून ठेवलेली. आप्पांनी दोन दाणे बोटांत फिरवले. विचारलं, "तेल आधी का ऊन आधी?"

"ऊन आधी. दोन दिस कडक. न्हायतर वरनं चकचकीत आणि आतनं कुजकी. ओलीला तेल लावलं की ओल आतच कोंडती."

आप्पा मान डोलवत राहिले. पाणी प्याले नाहीत, सूर्य मावळला होता. जाताना आईचा खोकला ऐकून दारात थांबले. मला म्हणाले, "सहा म्हैने कधी पुरं हुत्यात तुमचं?" मी सांगितलं.

आता माझी चूक सांगते.

आषाढात बेळगावची हवा अशी होते की भिंतीला हात लावला तर हात ओला. कारखान्याला मोठी मागणी आली होती आणि सगळं अडत होतं मिक्सिंगपाशी. आप्पा मेण घालण्याआधी नुसता खडू मिक्सरमध्ये वीस मिनिटं गरम फिरवायचे. मी हातात घड्याळ घेऊन दोन दिवस उभी राहिले. वेगवेगळ्या वेळेला मेण घालून पाहिलं, प्रत्येक वेळी चिमूट पेल्यात सोडली. आठ मिनिटं खडू फिरवून मेण घातलं तरी भुकटी तरंगत होती. झकास तरंगत होती.

मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "आप्पा, बारा मिनिटं फुकट जातात. मी नाही म्हणत, तुमचा पेला म्हणतोय."

आप्पांनी भुकटीवर हाताची मागची बाजू टेकवली. त्यांची ती सवय होती, ताप बघितल्यासारखी. "हात न्हाय म्हणतोय."

"हात काय म्हणतो ते वहीत कुठल्या रकान्यात लिहू?"

कामगार हसले. हसू मलाही आलं. वर्गाच्या शेवटच्या बाकावरची मुलगी आज पहिल्या बाकावर होती, असं काहीतरी तेव्हा मनात असणार. आप्पांनी पेल्याकडं बघितलं. वीस वर्षं त्यांनी सगळ्यांना त्याच पेल्यानं गप्प केलं होतं. आज तोच पेला त्यांच्यावर उलटला होता.

"पेल्याचा शबुद मोडायचा न्हाय," म्हणाले, आणि आठव्या मिनिटाला मिक्सरला म्हणाले, "साकु."

काम दुपटीनं पळायला लागलं. मालक प्रयोगशाळेत येऊन म्हणाले, "तुमच्या कायमच्या पत्राला फक्त सही राहिलीय." मी निपाणीला फोन केला. आई म्हणाली, "पत्र हातात आलं की सांग."

पत्र यायच्या आधी पाईप फुटले. आमच्याकडं पाईपवर उंचावरून वजन टाकून बघतात. चांगला पाईप दणका खातो आणि तसाच राहतो. त्या दिवशी पहिला तडकला. दुसरा तडकला. तिसऱ्याचे दोन तुकडे झाले. सगळा माल अंगणात बाजूला काढून ठेवावा लागला.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "आप्पांचं वय झालंय. आता त्यांना घरी बसवायला पाहिजे. तुम्ही अहवाल लिहा. मिक्सिंगमध्ये निष्काळजीपणा झाला, एवढं पुरे. अहवाल आला की तुमच्या पत्रावर सही करतो."

दोन कागद, एकाच टेबलावर. माझा अहवाल आणि माझं पत्र. मी बाहेर आले. खरं सांगायचं तर तेव्हा मला आप्पांची चूक वाटतच होती, कारण माझी चूक असू शकते हे अजून डोक्यात शिरलं नव्हतं. पण पुरावा नसताना लिहायचं कसं? म्हणून फुटलेला तुकडा भिंगाखाली धरला. तडा जिथून सुरू झाला तिथं एक पांढरा ठिपका होता, मोहरीएवढा. ब्लेडनं टोकरला, तर आतून कोरडी भुकटी सांडली. दुसऱ्या तुकड्यात तेच. तिसऱ्यात तेच. खडूचे गोळे. कणांची ओळख झालीच नव्हती.

मग त्याच मालाची राखून ठेवलेली भुकटी आणली आणि आप्पांचा पेला मागून घेतला. चिमूट सोडली. तरंगली. सगळीच्या सगळी. मी पेल्याकडं बघत बसले. तरंगणाऱ्या भुकटीत काही दाणे किंचित मोठे होते. एक दाणा मी चमच्याच्या पाठीनं पेल्याच्या कडेला दाबला. तो फुटला, आणि त्यातून एक पांढरी रेषा निघून सावकाश तळाला गेली.

दमट खडूचे आधीच गोळे झाले होते. मेण लागलं ते गोळ्यांना, बाहेरून. आतले कण कोरेच राहिले. गोळा तरंगत होता, कारण पाण्याला त्याचं फक्त बाहेरचं अंग दिसत होतं. वीस मिनिटांच्या गरम घुसळणीत ओल उडायची आणि गोळे फुटायचे. ती बारा मिनिटं फुकट नव्हती. ती मी कापली होती.

आप्पा दारात उभे होते. पेला घेतला तशी त्यांना चैन पडेना. मी सांगितलं, "आप्पा, तुमचा पेला खोटं बोलतोय."

त्यांनी चष्मा पुसला. माझ्या हातातला चमचा घेतला, एक दाणा दाबला. रेषा तळाला गेली. दुसरा दाबला. तिसरा. मला वाटलं, आता हे पेला भिंतीवर मारणार.

"खोटं न्हाय बोलला," ते म्हणाले. "जेवढं इचारलं तेवढंच सांगितलं बिचाऱ्यानं. आपण वरचंच इचारत हुतो." मग म्हणाले, "तुमच्या आईची तूर, एमेस्सी. ओलीला तेल लावलं आपण. तिनं डबा उघडून सांगितलंतं, आणि आपण दोघं शाणी माणसं मान डोलवून मोकळी झालो."

मी अहवाल लिहिला. गरम फिरवण्याची वेळ माझ्या सांगण्यावरून कमी केली, पावसाळी हवेत ती कमी करणं चूक होतं, खाली माझी सही. लिहिताना डोळ्यांसमोर आई चाळणीवर बसलेली होती, लपवून काय सांगू? पण दुसऱ्या माणसाच्या नावावर माझी चूक टाकून, कायम होऊन तिला वखारीतून उठवलं असतं, तर ते तिला सांगता आलं नसतं. आणि तिनं विचारलंच असतं.

आप्पांनी तो अहवाल वाचायला मागितला आणि वाचून भडकले.

"माझं नाव कुठं हाय ह्यात?"

"तुमची चूक नव्हती."

"न्हवती? चाचणी कुणाची? पेला कुणाचा? हात न्हाय म्हणत असताना 'साकु' कोण म्हणालं, तुम्ही व्हय? एमेस्सी झालासा म्हणून समदी चूक एकटीनं खाणार? अर्धी हिकडं द्या."

"आप्पा, मालक तुम्हाला काढायला बघतायत."

"मग काय खोटं लिवून ऱ्हाऊ?"

त्यांनी माझं पेन घेऊन खाली मराठीत लिहिलं: पाण्याची चाचणी माझी. ती अपुरी होती. आणि सही केली, कन्नडमध्ये.

मालकांनी तो कागद दोनदा वाचला. "म्हणजे दोघांनी मिळून घोळ घातला की," म्हणाले.

"व्हय," आप्पा म्हणाले. "म्हणून दोघं मिळूनच निस्तरतो. आठ दिस द्या. न्हाय जमलं तर दोघांना बी काढा, एकाच रिक्षानं जातो."

आठ दिवस मिळाले. खडूची पोती भिंतीपासून ओढून लाकडी फळ्यांवर रचली. आप्पांचा हात आणि माझं घड्याळ एकाच वेळी भुकटीवर ठेवलं. हात "हो" म्हणाला की मी वेळ आणि तापमान लिहायची. त्या हवेत वीस नव्हे, पंचवीस मिनिटं लागत होती. हात काय म्हणतो त्याला वहीत अखेर रकाना मिळाला. पेल्याची चाचणी बदलली: नुसतं तरंगून भागणार नाही, झाकण लावून जोरात हलवायचं, मग चमच्यानं चेपायचं, आणि तळ स्वच्छ राहिला तरच माल पुढं. बाजूला काढलेले पाईप दळून तो माल नव्यानं वापरात घेतला.

आठव्या दिवशी सगळा कारखाना वजनापाशी जमला. मालकांनी स्वतः दोरी सोडली. दणका बसला, आवाज घुमला. पाईप तसाच. त्यांनी वजन आणखी वर ओढायला लावलं. तसाच. दहा पाईप झाल्यावर आप्पांनी आकाशाकडं बघितलं आणि म्हणाले, "बघा तुम्ही. दिस मावळाय लागलाय, माझा डबा ऱ्हायलाय."

आप्पांना कुणी घरी बसवलं नाही. पुढं दोन वर्षांनी ते स्वतःहून बसले. निरोपाच्या दिवशी सगळ्यांना वाटलं, पेला मला देऊन जातील. मीही हात पुढं करायच्या बेतात होते. आप्पांनी तो धुतला, पुसला आणि खिशात टाकला. "तुमचा तुम्ही इकत घ्या, एमेस्सी. मला घरी लागतोय." सदलग्याला ते काय काय तरंगवतात, याच्या बातम्या पुतण्याकडून येत असतात.

मी दुसरा पेला आणला. आज त्या कारखान्याची प्रयोगशाळा माझ्या हाताखाली आहे, आणि त्या आषाढापासून आमचा एकही पाईप ठिपक्यापायी फुटलेला नाही. कायमचं पत्र मला सातव्या महिन्यात मिळालं. ते आईच्या हातात दिलं त्याच आठवड्यात तिनं वखार सोडली. आता आमच्या भाकरीला भाकरीचीच चव असते.